हात जात नाही

माझ्या नातीला वाईट होता येत नव्हतं आणि त्यावरून ती सगळी उन्हाळ्याची सुट्टी चिडचिड करत होती.

ती पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. सुट्टीत जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर आली, की दुपारी खिडक्या लावून कूलरसमोर बसते आणि टीव्हीला जोडलेला गेम खेळते. त्या उन्हात मलाही कुठं जायचं नसतं, म्हणून मी मागं खुर्चीत बसून बघतो. गेममध्ये आपण एक वाटसरू असतो. गावोगाव फिरायचं. माणसं भेटतात, काहीतरी विचारतात, आणि खाली तीन-चार उत्तरं येतात. आपण एक निवडायचं. मग पुढची सगळी गोष्ट त्या उत्तरावर चालते.

एकदा तिनं तो पूर्ण खेळून संपवला होता, सगळ्यांना मदत करत. आता मैत्रिणींशी पैज लागली होती, की परत पहिल्यापासून खेळायचं आणि या वेळी अगदी नीच वागायचं. पण कुणी म्हातारा हरवलेली अंगठी मागायला आला, की ही देऊन टाकायची आणि म्हणायची, "चुकून दाबलं गेलं." एका कुत्र्याला लाथ मारायची होती. तिथं तिनं बराच वेळ काढला आणि शेवटी त्याला भाकरी घातली.

"अगं, खोटंच आहे की ते," मी म्हणालो. "हाण लाथ."

"आबा! काय बोलताय!"

"मग वाईट व्हायला कशाला बसलीस?"

"व्हायचंय हो. पण कुत्र्यापासनं नको. हात जात नाही."

मी हसलो. मला खरंच मजा वाटत होती.

मग एके दुपारी ते गाव आलं. बर्फ, लाकडाची घरं, दाढीवाली माणसं. आमच्या सोलापूरशी कशाचाही संबंध नाही. वाटसरू धान्याच्या कोठारात चोरी करायला शिरला, त्याच्या हातातली मशाल पडली आणि कोठार जळालं. सगळं गाव गोळा झालं. मुखिया पुढं आला आणि त्यानं वाटसरूला विचारलं, "इथं कोण होतं?" मागं एक लंगडी म्हातारी उभी होती, मधमाश्या पाळणारी. आग विझवायला सगळ्यांत आधी बादली घेऊन तीच धावली होती. खाली उत्तरं आली. माझ्या हातून लागली. मला माहीत नाही. या म्हातारीला मी इथं पाहिलं.

नात म्हणाली, "हे तिसरं दाबलं की मी पैज जिंकले. पण आबा, बघा ना कशी बघतेय ती." तिनं माझ्या हातात ते बटणांचं यंत्र दिलं. "तुम्ही दाबा की. मी डोळे मिटते."

म्हातारीचा चेहरा पडद्यावर मोठा दिसत होता. गेमला कसलीच घाई नव्हती. ती पापणी लववायची, श्वास घ्यायची आणि वाट बघायची. माझा अंगठा बटणावर होता, पण तो खाली जाईना. मी यंत्र तिच्या मांडीवर ठेवून दिलं.

ती खदखदून हसली. "बघा! तुम्हालापण नाही जमत. आपलं घरच तसलं हो, चांगली माणसं आपण."

मी उठून पाणी प्यायलो. ती असं म्हणाली नसती तर मी हे कधीच लिहिलं नसतं. म्हातारा एका खोट्या बाईवर खोटा आळ घेऊ शकला नाही, म्हणून तो चांगला, असं माझ्या नातीनं ठरवून टाकलं होतं. खऱ्या बाईच्या वेळी माझी जीभ अडली नव्हती.

आमचं मूळ गाव सांगोल्याकडं. माळरान, मेंढरं, पाऊस बेताचा. मी सोळा-सतरा वर्षांचा असेन. चार घरांची मेंढरं वडिलांच्या हवाली होती आणि त्या दिवशी ती त्यांनी माझ्यावर सोपवली होती. ज्वारी निघाली होती आणि मध्येच एक अवकाळी पाऊस पडून गेला होता. अशा वेळी कापलेल्या ताटांच्या बुडख्यांतून हिरवेगार फुटवे येतात. ते मेंढरांना अतिशय आवडतात आणि खाल्ले की ती फुगून, पाय झाडत मरतात. आमच्याकडं लहान पोरालाही हे ठाऊक असतं. मी लिंबाखाली बसलो आणि मला झोप लागली.

एका बाईच्या ओरडण्यानं जाग आली. "आरं ऊठ! मेंढरं फुटव्यात शिरल्यात, मरतील की समदी!" ते रान तिचंच होतं. विधवा बाई, पदरात एक मुलगी. आदल्या वर्षी मेंढरं पिकात शिरली म्हणून तिचं आमच्या वडिलांशी मोठं भांडण झालं होतं. तरी ती हातात फोक घेऊन, उन्हात धापा टाकत, आमची मेंढरं हाकलून बाहेर काढत होती. बरीच तिच्यामुळं वाचली. बाकीची माझ्यासमोर आडवी झाली.

वडील धावत आले. "कोण हुतं हितं?"

"ती हुती," मी म्हणालो.

एवढं खरं होतं. पण त्यापुढचं मी काही बोललो नाही. वडिलांनी माझ्या डोळ्यांकडं पाहिलं. त्यांना कळलं असणार, मी झोपलो होतो. पण मी झोपलो म्हणजे मेंढरं आमच्या हयगयीनं मेली, आणि चार घरांपुढं मान खाली घालायची. दुपारपर्यंत गावात झालं होतं, की तिनं जुना राग काढला, पिठाच्या गोळ्यातून इख, म्हणजे विष घातलं.

संध्याकाळी बिरोबाच्या देवळात माणसं बसली. कुणीतरी म्हणालं, "फुटवं खाल्लं असतील. एखाद्याचं पोट फाडून बघू की." त्यावर चुलते उठले. म्हणाले, "पोराला भंडारा उचलू द्या. मग काय फाडायचं ते फाडा."

आमच्याकडं देवाचा भंडारा, म्हणजे हळद, हातात घेऊन बोललेलं कुणी तपासत नाही. ते तपासणं म्हणजे देवावर संशय घेणं. माझ्या ओंजळीत भंडारा ओतला. चुलत्यांनी विचारलं, "इख घालताना बघितलंस का तिला?"

ती मागं खांबापाशी, पोरीला पुढ्यात धरून उभी होती, असं नंतर मला आईनं सांगितलं. मी तिच्याकडं पाहिलंच नाही. मी हातातल्या पिवळ्या हळदीकडं बघत होतो. कुणी तिचा चेहरा माझ्यासमोर आणून धरला नाही. कुणी थांबलं नाही. सगळ्यांना हवं ते उत्तर तयार होतं, मी फक्त तोंड उघडायचं होतं.

"व्हय," मी म्हणालो.

कुणीही पोट फाडलं नाही. मेंढरं पुरली.

तिला कुणी मारलं नाही. नुसती विहीर बंद केली, आणि पेरणीला तिच्या रानात कुणी औत नेलं नाही. ती पोरीला घेऊन करकंबला माहेरी गेली, तिथूनही पुढं सोलापुरात आली. तिचं रान पडीक पडलं. त्याला लोक इखारणीचं रान म्हणू लागले.

पुढं मीही सोलापुरात आलो, सूतगिरणीत हजेरीच्या खिडकीवर नोकरी केली. एकदा मंडईत मेथीची पेंडी उचलली आणि बघतो तर समोर तीच. केस पांढरे झालेले. तिनं मला लगेच ओळखलं. ओरडली नाही. पेंडी माझ्या हातातून काढून घेतली, परत ढिगावर ठेवली आणि म्हणाली, "झोप लागती का आता?"

मी दुसऱ्या रांगेत निघून गेलो. मंडईत शेकडो माणसं होती. तिथंच तिच्यापुढं बसून खरं बोलता आलं असतं, पण मी कोथिंबीर घेऊन घरी आलो. काही वर्षांनी ती गेल्याचं कळलं.

हे सगळं मी नातीला सांगितलं. त्याच दुपारी नाही, चार-पाच दिवसांनी, ती परत त्या कोठाराच्या गावापाशी अडून बसली होती तेव्हा. ऐकता ऐकता तिनं यंत्र खाली ठेवलं. मला वाटलं, रडेल किंवा चिडेल. तिनं एवढंच विचारलं, "त्या रानाला अजून तेच म्हणतात?"

"म्हणतात."

"मग जायला पाहिजे आबा."

आम्ही एसटीनं गेलो. देवळाला आता फरशी आहे, पत्र्याचा मंडप आहे. माझ्या बरोबरीचं फारसं कुणी उरलेलं नाही. मंडपात आठ-दहा जण बसले होते, काही माझ्याहून लहान म्हातारे, बाकी मोबाइलवाली पोरं. मी पुजाऱ्याकडून भंडारा मागून घेतला, ओंजळीत धरला आणि सांगितलं. मी झोपलो होतो. मेंढरं फुटव्यानं मेली. तिनं वाचवली तेवढी वाचली. मी खोटा भंडारा उचलला.

मग एक म्हातारा म्हणाला, "तात्या, तवाबी भंडाराच उचलला हुतास न्हवं?"

"व्हय."

"आन् आताबी भंडाराच. मग आमी खरा कंचा म्हणायचा?"

मी ओंजळ तशीच धरून राहिलो.

"पैला उचललेला खरा," दुसरा म्हणाला. "तवा डोकं ताजं हुतं. आता वय झालंय, दुसरं काय." मग माझ्या नातीकडं वळून हळू आवाजात, "घरी असंच बोलत असत्यात का गं?"

पोरांतला एक हसला. कुणीतरी चहा सांगितला. मी हात झटकणार होतो, पण भंडारा झटकायचा नसतो. मी तो देवाच्या पायाशी ठेवला. बोटांच्या घड्यांत पिवळं राहिलं ते राहिलंच.

नात चहाला थांबली नाही. फाट्यावर जायला एक रिक्षा मिळाली. रिक्षावाला तिशीतला पोरगा. गावाबाहेर आल्यावर ती म्हणाली, "दादा, वाटेत ते रान लागतं ना, तिथं जरा थांबवा."

"कंचं रान ताई?"

ते नाव तिला तोंडातून काढायचं नव्हतं, आणि दुसरं नाव त्या रानाला नाही.

"इखारणीचं म्हणता व्हय?" त्यानंच विचारलं. "तितं काय हाय बघायला? बाभळी हायत नुसत्या. कोण बाई हुती म्हणं, मेंढरास्नी इख घातलं हुतं तिनं."

रिक्षा कच्च्या रस्त्यावर हेलकावत चालली होती. नातीनं पुढच्या सीटच्या दांडीला हात धरला. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

"नव्हतं घातलं," ती म्हणाली. "माझ्या आजोबांना झोप लागली होती. आणि ते खोटं बोलले. हे बसलेत ना, हेच."

रिक्षावाल्यानं वेग कमी केला. समोरच्या आरशात त्याचे डोळे माझ्यावर येऊन थांबले.

"खरं का ओ बाबा?"

बाजूला बाभळी सुरू झाल्या होत्या. आता माझ्या हातात भंडारा नव्हता.

"व्हय," मी म्हणालो.