स्थळ : राहते घर

माझ्या सासऱ्यांची तेरवी मी त्यांच्या हयातीतच घातली.

हेतू चांगला होता हो! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मामाजींच्या (म्हणजे सासऱ्यांच्या) तोंडून माझ्याबद्दल कौतुकाचा एक शब्द निघाला नव्हता. तो मला एकदा ऐकायचाच होता. मिहानमधल्या आमच्या ऑफिसात कोड लिहिणारी मंडळी माझ्याच मजल्यावर बसतात. (कोडशी माझा संबंध एवढाच!) त्यासाठी त्यांच्याकडून मी ब्राउझरची एक छोटी स्क्रिप्ट आणली. वेबपेजवरचा मजकूर निवडायचा, बटण दाबायचं, की नोंद ऑनलाइन कॅलेंडरात! मामाजींच्या धंतोलीतल्या डॉक्टरच्या वेळा घरात सगळ्यांना कळाव्यात म्हणून मी तिच्यात सुधारणा केली. आता प्रत्येक नोंदीआधी आपोआप ‘मामाजी’ लागायचं आणि निमंत्रण सगळ्या नातेवाइकांना जायचं.

एक दिवस मामाजी म्हणाले, "जावईबापू, आमच्या शेजारचा वासुदेव वारला ना, त्याची तेरवी हाय. कॉलनीच्या वेबसाइटवर टाकलं म्हणते. मले याद द्या बरं!"

मी हौसेनं ओळ निवडली आणि बटण दाबलं. वासुदेवरावांचं नाव वरच्या ओळीत होतं, ते तिथंच राहिलं. नातेवाइकांच्या फोनवर उमटलं : ‘मामाजी – तेरवी, रविवार, सकाळी अकरा, स्थळ : राहते घर.’ (बायकोनं माझ्या कॅलेंडरच्या सूचना आपल्या फोनवर केव्हाच बंद करून ठेवल्या होत्या!)

रविवारी मामाजींना वासुदेवरावांकडे न्यायला आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. ते पांढरा सदरा घालून तर्री-पोहे खात होते. तेवढ्यात त्यांची वर्ध्याची बहीण फाटकातूनच रडत आली.

"दादा गा! मले न सांगता कसा गेला गा तू!"

"मी कुठं गेलो वं? पोहे खाऊन राहिलो ना!"

आत्याबाई मटकन पायरीवर बसल्या. मागून मामाजींचे हिंगण्याचे भाऊ तणतणत आले.

"मयतीले बोलावलं नाही, सीधं तेरवीले? काहून? आमी परके हावो का?"

भाऊ जिवंत दिसला तरी त्यांचा राग काही उतरेना! बघता बघता अंगण भरलं.

"अहो, काय केलंत हे?" बायकोनं दात-ओठ खात विचारलं.

"सुधारणा," मी म्हणालो.

मामाजींनी भावाच्या फोनवर स्वतःची तेरवी शांतपणे वाचली.

"आलेच हा त जेवून जा आता," ते म्हणाले.

मी धावत जाऊन केटररला गाठलं. पंगत बसली, वाढायला मीच! मामाजींनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली.

"आमच्या जावयाचं काम एकदम चोख! लोकं मेल्यावर करते, यानं आधीच निपटवलं!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं कौतुक झालं होतं. वरणाची बादली सावरत मीही लाजून म्हणालो, "तुमचाच आशीर्वाद, मामाजी!"