गाडी तापल्यावर बघायची

डॉ. वत्सलाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझे फक्त पाय दिसत होते. बाकीचा मी पौडच्या दवाखान्यासमोर गाडीखाली होतो. नव्या डॉक्टरीणबाईंना पुण्याहून आणायचे काम माझे, पण गाडीनेच दगा दिल्यामुळे बाई एसटीने येऊन पोचल्या होत्या. माझ्या पायांकडे बघून त्यांनी विचारले, "शंकरराव आपणच का?" ड्रायव्हरला तोवर 'अरे' हीच पदवी. राव कोण म्हणून मी वर बघायला गेलो आणि कपाळ आपटून घेतले. बाईंचा या तालुक्यातला पहिला रोगी मीच!

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठी माणसे त्यांच्या कार्याविषयी लिहितीलच. मी पिरंगुटचा गॅरेजवाला. पण पुढची पाच-सहा वर्षे बाईंची गाडी हाकली आणि त्यांच्यामुळे माणसात राहिलो, तेवढे सांगण्याचा मला हक्क आहे.

बाईंची तपासण्याची पद्धत ड्रायव्हरचा जीव घेणारी. एकदा डोंगरातल्या वाडीवर एक धनगर म्हातारी आली. तिने मेलेल्या शेळीपासून सुरुवात केली, मग सुनेवर आली, मग भावकीवर. मी गाडीत जांभया देत बसलो होतो. बाई मान हलवत ऐकत होत्या. उठता उठता म्हातारी म्हणाली, "आन् बाई, चढ चढताना छातीत कळ येतीया." परतताना मी कुरकुरलो, तर बाई म्हणाल्या, "तिला मध्येच थांबवलं असतं तर ती कळ घेऊन घरी गेली असती."

आमच्या गाडीविषयी सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. कोणा शेटजींनी दवाखान्याला दान दिलेली जुनी मोटार, तिला मागाहून डिझेल इंजिन बसवलेले. सकाळी पौडला सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात सुरू. मग एका उन्हाळ्यात तिने नवे सोंग आणले. पुण्याहून औषधे घेऊन, भूगाव-भुकूमची चढण चढून पिरंगुटला यायचे, तिथे औषधे उतरवायला थोडा वेळ गाडी बंद करायची, आणि पुन्हा सेल्फ मारला की इंजिन नुसते गरगर फिरायचे. सुरू व्हायचे नाव नाही. अर्धा-पाऊण तास उभी राहिली की आपसूक चालू.

आता गंमत बघा. पिरंगुट हे माझे गाव. घर रस्त्यालगत. नवे लग्न झालेले. गाडी नेमकी तिथेच बंद पडते म्हटल्यावर लोकांनी काय म्हणायचे ते म्हटले. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे चिटणीस अण्णासाहेब स्वतः सकाळी पौडला येऊन गाडीत बसले. गाडी शहाण्या मुलासारखी सुरू झाली.

"शंकऱ्या," अण्णासाहेब म्हणाले, "हितं तर मुकाट चालतीया. मग तुज्या घरापाशीच कशी रुसतीया?"

"अण्णा, आत्ता ती गार हाय म्हून चालतीया. तापल्यावर बगा की!"

"नाचता यीना अंगण वाकडं! येत्या बैठकीत दुसरा डायवर बगतो."

पुण्याच्या मिस्तरीकडेही हेच. गाडी रात्रभर त्याच्याकडे राहायची, सकाळी गार असताना तो सेल्फ मारायचा आणि म्हणायचा, "कायबी झालं न्हाई हिला." माझा स्वभाव आधीच तिरसट. कोणी हसले की मी अंगावर धावून जायचो, त्यामुळे संशय आणखीच पक्का व्हायचा. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण एक दिवस आईने पाटावर बसवून मला विचारले, "खरं सांग लेका, तूच तर काय करत न्हाईस ना?" मी ताटावरून उठलो. घरच्या माणसालाही पटत नाही म्हटल्यावर बोलायचे कोणाशी?

बैठक जवळ आली तेव्हा बाईंनी मला दवाखान्यात बोलावले. समोरच्या बाकावर बसवले आणि रोग्याला विचारावे तसे विचारू लागल्या. कधीपासून? किती वेळाने बरी होते? सेल्फ जोरात फिरतो का? मी चिडून म्हणालो, "बाई, तुमी तरी कशाला इचारता? सगळ्यांनी बगितलंय."

"सगळ्यांनी गार असताना बघितलंय," बाई म्हणाल्या. "हिवतापाचा रोगी माझ्याकडे पोचतो तेव्हा कित्येकदा ताप उतरलेला असतो. म्हणून तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. पुढच्या खेपेला मी पुण्याहून तुमच्याबरोबर येते. ताप चढलेला असताना बघू."

वैशाखातली दुपार. पिरंगुटला गाडी बंद केली आणि ती ठरल्याप्रमाणे हटून बसली. बाई खाली उतरल्या. मला तेव्हा इंजिनातले सगळेच एकदम खोलून बघायचे होते. बाईंनी थांबवले. "तीन औषधं एकदम दिली तर कशानं गुण आला ते कळत नाही. एकेक करा."

सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ संशयातून सुटले. मग नळीत हवा शिरते का ते पाहिले. स्क्रू ढिला केला तर स्वच्छ डिझेल आले, बुडबुडा नाही. उरला डिझेलचा पंप. त्याला हात लावला तर चटका बसला. बाईंनी आपल्या पेटीतून स्वच्छ फडके काढले आणि माझ्या आईला हाक मारून माठातले पाणी मागितले. फडके पिळून, पोराच्या कपाळावर ठेवतात तशा त्याच्या घड्या त्यांनी फक्त पंपावर ठेवल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मारा सेल्फ."

गाडी सुरू झाली. मी ओरडलोच. बाई मात्र शांत. "एवढ्यात नको. नुसती विश्रांती मिळाली म्हणूनही झाली असेल." पुन्हा चढणीवर नेऊन गाडी तापवली, परत घरापाशी आणून बंद केली. या वेळी तेवढाच वेळ नुसते थांबलो. सुरू झाली नाही. मग घड्या ठेवल्या. सुरू झाली! तोवर अर्धे गाव जमले होते. बाई जेवल्या नव्हत्या, पदराने घाम पुसत त्या रस्त्यात उभ्या होत्या.

पंपातली दांडी झिजली होती. डिझेल गार असताना जाडसर राही. तापले की पातळ होऊन झिजेच्या फटीतून मागे निसटे, आणि सेल्फच्या धिम्या फेऱ्यांत इंजिनाला पुरेसे पोचतच नसे. दुसरीकडे आम्ही तासन् तास थांबायचो, तेवढ्यात पंप निवायचा. चढणीनंतरचा थोडक्या वेळाचा थांबा पिरंगुटचाच, एवढाच माझा गुन्हा.

अण्णासाहेबांनाही बाईंनी भर उन्हात बोलावून हे दाखवले. अण्णासाहेब चार लोकांत म्हणाले, "शंकर, माजं चुकलं गड्या." आज या गौरव समितीचे अध्यक्ष तेच आहेत, हे छापू नका म्हणणार नाहीत अशी आशा आहे. पंप पुण्याहून दुरुस्त होऊन आला आणि गाडी पुढे कित्येक वर्षे धावली.

पण मला बाईंचे ऋण वाटते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. त्या दिवशी गाडी सुरू झाल्यावर बाई निघाल्या नाहीत. त्या आमच्या ओट्यावर गेल्या आणि आईला म्हणाल्या, "आजी, तुमचा मुलगा पहिल्यापासून खरं सांगत होता." आईने आत जाऊन ताट वाढले, आणि मला हाताला धरून पाटावर बसवले. घास तोंडात घालताना मला रडू आले, ते मी लपवले नाही.

बाईंना साठ वर्षे होतात हे आईला सांगितले, तर म्हणाली, "लिव, माजं उरल्यालं आयुष्य बाईस्नी लागू दे." हे बाईंना मुळीच चालणार नाही, म्हणून देवाकडे मी दोघींसाठी निरनिराळे मागतो. बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. यात माझ्या भागातल्या लोकांचा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. सगळ्या गावाने खोटे ठरवलेला माणूस उद्याही एखाद्या वाडीवर सापडेल, आणि त्याचे ऐकून घ्यायला बाई असायला हव्यात.