वेशीखालचा चहा

कुरकुंभच्या कंपनीनं मला मशीन बघायला चीनला धाडलं होतं. सुट्टीच्या दिवशी शीआनचा जुना तट बघताना मी आमच्या मंडळींपासून चुकलो. वेशीखाली चहा विकणाऱ्या म्हातारीनं मला स्टुलावर बसवलं आणि पेला भरला. ओतलेला चहा टाकून उठायचं नाही, ही आमच्या वडगावची रीत. मी संपवला, की ती लगेच पुन्हा भरायची.

"बास झालं, आजी," मी म्हणायचो. तिला काय कळणार?

अखेर आमचा दुभाषी धापा टाकत आला आणि माझ्या जिवात जीव आला. म्हातारी त्याच्याशी काहीतरी बोलली.

तो हसून म्हणाला, "ती म्हणते, चुकलेला माणूस फिरत राहिला की सापडत नाही. म्हणून पेला रिकामा ठेवला नाही."

मग तिनंच माझा पेला पालथा घातला.