आधीच्या शिफ्टचा माणूस

लेकीचं अ‍ॅप कालपर्यंत सगळ्या टेस्टमध्ये पास होत होतं, आज फेल. ती ते एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपमधल्या नकली मोबाईलवर तपासते. संध्याकाळी ऑफिसला काम पूर्ण करून द्यायचं होतं, आणि स्वतःची चूक शोधता शोधता ती रडकुंडीला आली होती.

मी भिवंडीचा जुना लूमवाला. कापडात दोष आला की आम्ही आधीच्या शिफ्टला विचारतो, तेच रुबाबात तिला विचारलं, “कालपासून बदललं काय?”

“काहीच नाही, पप्पा.”

मग मलाच आठवलं. सकाळी तिच्या लॅपटॉपवर ‘अपडेट करा’ असं आलं होतं आणि मी, तेवढीच मदत म्हणून, बटण दाबलं होतं. मी कबूल केलं.

“पप्पा, तुमची ड्युटी संपली,” असं म्हणत तिने एम्युलेटरचं जुनं व्हर्जन परत टाकलं. टेस्ट पास झाल्या.

ऑफिसला तिने फोनवर सांगितलं, “व्हर्जन बदललं होतं.” कोणी बदललं, ते सांगितलं नाही.