फ्लोरामावशीची तक्रार

इस्रायलमधल्या येरुहामच्या आमच्या इमारतीत तंबाखू भाजल्याचा वास आला, की समजायचं, फ्लोरामावशीने तवा ठेवला. आमच्या मूळच्या अलिबागहून कुणी आलं की तिच्यासाठी तंबाखूची पानं आणायचं. ती पानं काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळी बोटाने मशेरी लावून बाल्कनीत तोंड मिटून बसायची. कुणी नाक मुरडलं, तर चूळ भरून आल्यावर ऐकवायची, "तोंड माझं, मशेरी माझी. तुमचं काय जातं गो?"

ती आमची शेजारीण, कारखान्यात शिवणकाम करून निवृत्त झालेली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बेर-शेवाच्या बससाठी निघाले की विचारायची, "आज काय शिकणार?" मला धड सांगता यायचं नाही. "असू दे. येताना सांग," म्हणायची, आणि संध्याकाळी खरंच विचारायची.

तिच्या मुलीचं, ओरितचं लग्न ठरलं. व्याही रुमानियातून आलेले, दोघंही शिक्षक. घरी नुकतंच इंटरनेट आलं होतं. ओरितने त्यावरून दात पांढरे करायची जेल मागवली. मावशी खूश झाली. "फोटोत बरी दिसेन. मुलीच्या सासूपुढे काळे दात नकोत."

डबीवर ना कंपनीचं नाव, ना पत्ता. कशी वापरायची, किती वेळ ठेवायची, काही लिहिलेलं नव्हतं. मावशीने आयुष्यभर केलं तेच केलं. जेल बोटावर घेतली, दातांना-हिरड्यांना चोळली आणि बाल्कनीत जाऊन बसली. आग झाली, तरी थुंकली नाही. "पहिल्यांदा मशेरी लावली तेव्हा घेरी आली होती. मला वाटलं, हेही तसंच, लागू पडतंय," असं तिने नंतर सांगितलं.

हिरड्या पांढऱ्या पडल्या, मग सोलवटल्या. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं तीव्र औषध दवाखान्यातच, हिरड्या झाकून वापरतात. असं घरपोच विकायला परवानगीच नाही. लेकीच्या मेंदीला मावशी थंड पेज पीत बसली. गाणी इतरांनी म्हटली.

लग्न पार पडल्यावर ती मला म्हणाली, "आरोग्य खात्याच्या कचेरीत तक्रार करायला जायचंय. माझं कारखान्यातलं हिब्रू तिथे चालायचं नाही. तू चल."

ओरितही आली, पण नाराजीने. बसमध्ये ती हिब्रूत आईला समजावत होती, "एमा, तंबाखूचं काढू नकोस. तुझीच चूक म्हणतील. आणि माझ्या सासरी कळलं तर?" मावशी खिडकीबाहेर बघत राहिली.

कचेरीतल्या माणसाने विचारलंच, "कशी वापरलीत?"

मावशीने ओरितकडे पाहिलं. ती खोटं बोलली तर मी ते भाषांतर करून सांगायचं का, हे मला ठरवता येईना. मग ती म्हणाली, "सांग त्याला. बोटाने चोळली, तंबाखूची मशेरी लावते तशी. आणि बसून राहिले."

ओरित पुटपुटली, "झालं!"

"झालं तर झालं. मी एक खोटं बोलले, तर तो विकणारा म्हणेल, बाईच लबाड. मग त्या डबीचं कोण ऐकणार? उद्या कुणाची तरी पोर लावेल ती."

मी अडखळत सगळं सांगितलं. तो माणूस म्हणाला, "कशी वापरायची हे डबीवर लिहिलंच नव्हतं. त्यात बाईंची काय चूक?" परतताना ओरित आईशेजारी बसली नाही.

काही महिन्यांनी ते इंटरनेटवरचं दुकान बंद झालं. पुढे तीच डबी दुसऱ्या नावाने विकायला आलेली मला दिसली. मी चाचरत मावशीला सांगितलं. "मग परत जाऊ," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली. आम्ही परत गेलो.

मावशी वारली तेव्हा मी शिव्आला, सात दिवसांच्या दुखवट्याला, बसायला गेले. ओरितची सासू शेजारी होती. ओरित तिला हिब्रूत त्या कचेरीची गोष्ट सांगत होती, काही न लपवता. मग आमच्या म्हाताऱ्या बायकांना कळावं म्हणून मोडक्या मराठीत म्हणाली, "मी टेबलखाली तिचा पाय दाबत होती. जोरात. तरी ती खरं बोलली."