वेल्समधला खरा काउबॉय आणि आमचे अडीच सेकंद

माझ्या नवऱ्याने, मंदारने, काउबॉय हॅट मागवली तेव्हाच मी त्याला अडवायला हवं होतं. आठवडाभर तो ती घालून ऑफिसचे कॉल घेत होता. शेवटी शनिवारी बर्मिंगहॅमहून वेल्समधल्या एका ‘वेस्टर्न वीकेंड’ला निघालो. अडीच तासांचा रस्ता. शेवटचा टप्पा इतका अरुंद, की समोरून ट्रॅक्टर आला तर रिव्हर्स आपणच घ्यायचा. वेलीज, म्हणजे गमबूट, न्याच. चिखल फुकट आहे, बर्गर नऊ पाउंडांना.

इथे खऱ्या बैलावर कोणी बसत नाही. हवा भरलेल्या गादीवर मोटरचा बैल असतो. काउबॉय मात्र अस्सल होता, अमेरिकेतल्या वायोमिंगचा डेल. एकोणिसाव्या वर्षी त्याने रोडिओत, म्हणजे उसळत्या बैलावर टिकून राहायच्या स्पर्धांत, सुरुवात केली आणि पुढची चौदा वर्षं ट्रकमध्ये झोपत गावोगाव फिरला. एका हाताने दोरी धरून आठ सेकंद टिकलं तर बक्षिसाची आशा. नाहीतर एंट्री फीही गेली. पगार नाही, रजा नाही. खांदा दोनदा मोडला, फासळ्या किती ते आठवत नाही. मग मेगन या वेल्श नर्सशी लग्न करून तो इथे आला. आता तो गर्दी जमवतो, ती स्पीडचं बटण सांभाळते.

“टेक्निक कळलं की सोपं असतं गं,” मंदार म्हणाला. फॉर्मवर सही करून बसला आणि अडीच सेकंदांत हॅटच्याही आधी खाली आला.

“पडणं छान जमतं तुला,” डेल म्हणाला. “मला शिकायला वर्षं लागली.”

मग आयोजकांनी माइकवरून डेललाच बोलावलं.

“डेल, खांदा!” मेगन म्हणाली.

“एकदाच,” म्हणत तो चढला. बैल पाळण्यासारखा डुलला. लोक “फास्टर!” ओरडू लागले.

“वाढव, मेगन,” डेलही म्हणाला. तिने बटणाला हात लावला नाही. आठ सेकंद झाले. मागून कोणीतरी म्हणालं, “यावर माझी आजीसुद्धा टिकेल.” मीही हसले. खाली उतरल्यावर डेलने डाव्या हाताने उजवा हात उचलून धरला आणि लोकांना हलवून दाखवला. माझं हसू तिथेच थांबलं.

“सगळ्यांसमोर म्हातारा केलंस मला,” तो मेगनला म्हणाला.

“म्हातारा चालेल. सकाळी तुझे मोजे मीच चढवते.”

तो गेल्यावर ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “तुझ्या नवऱ्यालाही एकवरच ठेवलं होतं. लहान मुलांचा स्पीड.”

घरी आल्यावर मंदारने चार दिवस उभ्यानेच काम केलं. ऑफिसात सांगितलं, सायकलवरून पडलो. एका संध्याकाळी हळूच म्हणाला, “तिने स्पीड कितीवर ठेवला होता गं?”

“नऊ,” मी म्हटलं.

तो हा ब्लॉग वाचत नाही, ते बरं आहे.