बाबांच्या बॅनरची गोधडी

गोधडी कडेकडून शिवत आत जायची असते. मधूनच सुरुवात केली तर कापड फुगतं आणि सगळ्या चुण्या एका कोपऱ्यात जमा होतात. आईनं हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि वर म्हणाली, "सभेत बोलण्यासारखं नाही हे. इथं घाई चालत नाही."

गेल्या हिवाळ्यात सुरू केलेली आमची गोधडी या हिवाळ्यातही अर्धीच आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. सकाळच्या शिकवण्या आटोपून मी घरी येतो, जेवतो, आणि आई एका कडेला, मी दुसऱ्या कडेला बसतो. हातभर टाके झाले की तळव्यानं कापड सपाट करून बघायचं. खिडकीतल्या उन्हात त्यावर बारीक लाटा उठलेल्या दिसतात. मी आजवर ज्या ज्या गोष्टीसाठी भांडलो, त्यातली एकही अशी डोळ्यांदेखत पुढं सरकलेली नाही.

आमच्या घरात कापड दोनच प्रकारचं साठलं, आईच्या सुती साड्या आणि बाबांचे बॅनर. बाबा शिक्षक होते. शाळा सुटली की अफझलगंजच्या लायब्ररीत बसून पत्रकं लिहायची आणि रविवारी कोठीच्या बसस्टॉपवर ती वाटायची. बसचं भाडं वाढलं, वस्तीचं पाणी तुटलं, मुसी नदीकाठच्या झोपड्या उठवायला निघाले, की निघालंच पत्रक. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. बॅनर बाबा स्वतः रंगवायचे, मांजरपाटावर, ऑइलपेंटनं. तेलुगूत आणि उर्दूत, आणि हट्टानं एखादा मराठीतही. "मराठी कोण वाचणार इथं?" आई विचारायची. "मी वाचतो की," ते म्हणायचे.

आता त्यांना लिहिता येत नाही. आईला ते ओळखतात. मला कधी ओळखतात, कधी कार्यकर्ता समजून विचारतात, "कोठीची संपली का वाटून?" मी "हौ" म्हणतो. औषधांनी आठवण परत येणार नाही, झोप तेवढी सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. रात्री ते जागेच असतात. दुपारी जरा डोळा लागतो, पण थंडी वाजून जाग येते, आणि ब्लँकेट टोचतं म्हणून ते फेकून देतात. गोधडी त्यासाठी.

आईचं म्हणणं होतं, बॅनर आतल्या थरात घालू, जाड कापड आहे, ऊब राहील.

"जन्मभर चौकात लावलेलं आता आत कोंबायचं?" मी म्हणालो. "अक्षरं वर दिसू दे. बघून काहीतरी आठवेल त्यांना."

"त्यांना पांघरायचीय रे ती. मोर्चा नाही काढायचा."

"शब्द लपवायचे नसतात, आई."

"वाचत बसतील. मग झोपतील कधी?"

शेवटी माझंच खरं झालं. बॅनरचे वीतभर तुकडे कापून आम्ही ते साड्यांच्या तुकड्यांशेजारी वरच्या बाजूला टाचले. रंग वाळून कडक झालेला, त्यातून सुई जाईना. आई अक्षराला वळसा घालून जायची, मी आरपार घुसवायचो आणि सुया मोडायचो.

या हिवाळ्यात थंडी पडली तेव्हा आम्ही ती तशीच अर्धवट बाबांच्या अंगावर घातली आणि दोन बाजूंनी टाके घालत बसलो. बाबांनी बोट फिरवलं. "पाणी," ते मोठ्यानं म्हणाले. मी आईकडे बघितलं. तिनं मान वर केली नाही.

"पाणी आमच्या ह..." बोट पुढच्या तुकड्यावर गेलं. तो आईच्या फुलाफुलांच्या साडीचा होता. बोट मागं आलं, परत पुढं गेलं.

"पुढचं कुठाय?"

"अहो, झोपा आता," आई म्हणाली.

"पुढचं कुणी फाडलं?" ते उठून बसले. उशीखाली बघितलं, कॉटखाली वाकले. मग माझ्याकडे वळले. "अर्धं लावून आलात? लोक उभे आहेत तिथं."

"लावतो बाबा. बाकीचं लावतो."

"काय लावतो? कापलंय तुम्ही!" उरलेली अक्षरं शोधत ते संध्याकाळपर्यंत गोधडी चाचपत राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या आठवड्यात त्यांची दुपारची झोपही गेली. डोळे खोल गेले.

आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मी वाद घातला असता. छापलेलं, रंगवलेलं लोकांच्या डोळ्यांसमोर राहिलं पाहिजे, हे मला बाबांनीच शिकवलं, आणि मी ते अजूनही मानतो. पण त्यांच्याच हातची अक्षरं त्यांना छळत होती, आणि ती तिथं लावणारा मी होतो.

मी ब्लेड घेऊन बसलो.

"ब्लेड नक्को. कापड कातरेल," आई म्हणाली. "सुईच्या टोकानं उचल एकेक टाका."

वर्षभराचं काम असं उचलून काढलं. प्रत्येक तुकडा पालथा केला आणि परत शिवायला घेतला. उलटा मांजरपाट पांढरा दिसतो, कुठंकुठं रंग झिरपल्याचा पुसट डाग. सुई अडली की कळतं, इथं खाली अक्षर आहे. मीही आता वळसा घालतो.

काल दुपारी ती परत बाबांच्या अंगावर घातली. त्यांनी हात फिरवला. पांढऱ्या तुकड्यावर हात थांबला. माझी सुई हातातच राहिली.

"कोरंय," ते म्हणाले.

"हौ."

"रंग आणला का?"

"उद्या आणतो."

"लाल आण. काळा लांबून दिसत नाही." आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. उन्हं उतरली तरी उठले नाहीत.

"टाके मोठे पडतायत तुझे," पलीकडून आई हळूच म्हणाली.

मी दोरा मागं ओढला, आणि बारीक टाके घालायला लागलो.